जमाखर्च अणूंचा



दहावीची परीक्षा झाली की काही गोष्टींना आपण कायमचा रामराम ठोकतो. रासायनिक समीकरणं ही त्यातलीच एक. बाणाच्या डावीकडे काही अक्षरं, उजवीकडे काही अक्षरं, आणि दोन्ही बाजू जुळेपर्यंत आधी दोन, मग तीन, मग चार असे आकडे लावून पाहायचे. बहुतेकांच्या मनात एवढीच आठवण उरते. मी बरीच वर्षं आधी शाळेत आणि नंतर कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं. त्या काळात मला सर्वांत जास्त वेळा कोणता प्रश्न विचारला गेला असेल, तर तो म्हणजे, 'सर, याचा पुढे उपयोग काय?' आज त्याचंच उत्तर द्यायचं आहे. ते उत्तर तुमच्या न्हाणीघरात आहे आणि घरातल्या औषधांच्या डब्यातही आहे. रेडिओवर फळा नसतो, तेव्हा आकडे सावकाश सांगतो. हाताशी कागद-पेन्सिल असेल तर घेऊन बसा.

समीकरण म्हणजे काय? साध्या भाषेत सांगायचं तर जमाखर्चाची वही. जेवढं आत आलं तेवढं कुठे ना कुठे दाखवता आलं पाहिजे. ही शिस्त रसायनशास्त्रात आणण्याचं मोठं श्रेय जातं ते लॅव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाकडे. त्याने काचेच्या पात्रात कथील घेऊन पात्राचं तोंड बंद केलं, ते तापवलं आणि आधी व नंतर वजन केलं. कथलाचं रूप पालटलं, त्याची राख झाली, पण बंद पात्राचं वजन तेवढंच राहिलं. पात्र उघडल्यावर बाहेरची हवा आत शिरली आणि मग वजन वाढलं. म्हणजे कथलाने पात्रातल्याच हवेचा काही भाग घेतला होता. १७८९ साली आलेल्या आपल्या ग्रंथात त्याने साखर आंबून मद्यार्क होण्याची क्रिया चक्क बरोबरीच्या स्वरूपात मांडली. एका बाजूला द्राक्षांचा रस, दुसऱ्या बाजूला कार्बन डायऑक्साइड आणि मद्यार्क. हा माणूस करवसुलीच्या धंद्यातही भागीदार होता, त्यामुळे हिशेबाची त्याला सवयच होती. त्याच धंद्यापायी फ्रेंच राज्यक्रांतीत १७९४ साली त्याचा शिरच्छेद झाला. पण त्याची वही मात्र पुढे चालू राहिली.

आता एक नोंद आपणच करून पाहू. स्वयंपाकाचा गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन या दोन वायूंचं मिश्रण. आधी प्रोपेन घेऊ. त्याच्या एका रेणूत कार्बनचे ३ अणू आणि हायड्रोजनचे ८. तो नीट जळला की कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि हायड्रोजनचं पाणी. कार्बनचे अणू ३, म्हणून कार्बन डायऑक्साइडचे रेणू ३. हायड्रोजनचे अणू ८ आणि पाण्याच्या प्रत्येक रेणूला लागतात २, म्हणून पाण्याचे रेणू ४. आता ऑक्सिजन मोजा. कार्बन डायऑक्साइडच्या तीन रेणूंत ६ अणू आणि पाण्याच्या चार रेणूंत ४, मिळून १०. हवेतला ऑक्सिजन जोडीने वावरतो, म्हणून ५ रेणू लागले. झाला हिशेब: प्रोपेनचा एक रेणू आणि ऑक्सिजनचे पाच, यांतून कार्बन डायऑक्साइडचे तीन आणि पाण्याचे चार.

यात अंदाजाने आकडे लावून पाहणं कुठे आलं? मुलांना मी तीनच गोष्टी सांगत असे. जे मूलद्रव्य दोन्हीकडे एकेकाच पदार्थात आहे, त्याला आधी हात घाला. जे अनेक ठिकाणी विखुरलेलं आहे, ते शेवटी ठेवा. आणि जे एकटंच उभं आहे, जसा इथे ऑक्सिजन, ते सर्वांत शेवटी जुळवा, कारण त्याचा आकडा बदलला तरी दुसऱ्या कुणाचं बिघडत नाही.

आता ब्युटेन. त्यात कार्बन ४ आणि हायड्रोजन १०. म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे रेणू ४ आणि पाण्याचे ५. ऑक्सिजनचे अणू आठ अधिक पाच, म्हणजे १३. आता जोड्या लावायला गेलो तर साडेसहा येतात आणि अर्धा रेणू तर मिळत नाही. मग सगळंच दुप्पट करायचं. ब्युटेनचे २, ऑक्सिजनचे १३, कार्बन डायऑक्साइडचे ८ आणि पाण्याचे १०. हटकून प्रत्येक वर्गात एक तरी हुशार मुलगा इथे पळवाट काढायचा. ऑक्सिजन जुळत नाही ना, मग पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनचा आणखी एक अणू घालून टाकायचा! हिशेब जुळतो खरा, पण पाण्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड होतं, जखमा धुवायला वापरतात ते. सूत्राच्या आतला आकडा म्हणजे त्या पदार्थाची ओळख. तो बदलला की पदार्थच बदलतो. आपल्या हातात असतो तो फक्त सूत्राच्या आधीचा आकडा.

तुमच्यासाठी एक उदाहरण ठेवतो. आरतीचा कापूर. त्याच्या रेणूत कार्बन १०, हायड्रोजन १६ आणि स्वतःचा ऑक्सिजन १. हा घरचा ऑक्सिजन वजा करायला विसरलात तर हिशेब चुकेल. उत्तर सांगून ठेवतो. कापराचे २ रेणू, ऑक्सिजनचे २७, त्यांतून कार्बन डायऑक्साइडचे २० आणि पाण्याचे १६. कापूर जळला की मागे काही उरत नाही असं आपण म्हणतो. वही सांगते की अणू न् अणू उरला आहे, फक्त तो डोळ्यांना दिसत नाही.

पण हे झालं कागदावरचं. कापराची ज्योत नीट पाहिलीत तर ती पिवळी असते आणि तिच्यावर वाटी धरली तर काजळी जमते. काजळी म्हणजे न जळलेला कार्बन. ज्योतीच्या आत ऑक्सिजन वेळेवर आणि पुरेसा पोचला नाही, म्हणून काही कार्बन तसाच राहिला. ही काजळी लक्षात ठेवा. तिच्याकडे आपल्याला परत यायचं आहे.

रेणूंची मोजदाद कळली, पण बाजारात गॅस रेणूंवर मिळत नाही, किलोवर मिळतो. मग रेणूंवरून वजनाकडे यायचं कसं? लोखंडी सामानाच्या दुकानात आपण खिळे मोजून घेत नाही, तोलून घेतो. एका खिळ्याचं वजन माहीत असेल तर एकूण वजनावरून खिळे किती ते कळतं. रसायनशास्त्रातही हेच करतात. तिथल्या डझनाचं नाव आहे मोल. डझनात नग १२, तर मोलमध्ये नग सहावर तेवीस शून्यांहून थोडे अधिक. २० मे २०१९ पासून हा आकडा जगभर एकच आणि नेमका ठरवून दिलेला आहे. मोलची सोय अशी, की रेणूतल्या अणूंच्या भारांची बेरीज केली आणि पुढे 'ग्रॅम' लिहिलं की एका मोलचं वजन मिळतं. पाण्याचा एक मोल १८ ग्रॅम, म्हणजे जेमतेम साडेतीन चहाचे चमचे. प्रोपेनचा ४४ ग्रॅम, ऑक्सिजनचा ३२.

आता मघाचं प्रोपेनचं समीकरण तागडीत घालू. प्रोपेन ४४ ग्रॅम आणि ऑक्सिजन पाच वेळा ३२, म्हणजे १६० ग्रॅम. एकूण २०४. दुसऱ्या पारड्यात कार्बन डायऑक्साइड तीन वेळा ४४, म्हणजे १३२, आणि पाणी चार वेळा १८, म्हणजे ७२. एकूण २०४. काटा मधोमध.

यातून घरचे आकडे काढा. एक किलो गॅस जळायला साधारण साडेतीन किलोहून थोडा अधिक ऑक्सिजन लागतो. हवेत वजनाने ऑक्सिजन सुमारे २३ टक्के, म्हणून हवा लागते साडेपंधरा किलोच्या आसपास. आपलं घरगुती सिलिंडर १४.२ किलोचं. ते रिकामं होईपर्यंत त्याने सुमारे सव्वादोनशे किलो हवा वापरलेली असते आणि बावीस-तेवीस लिटर पाणी वाफेच्या रूपाने तुमच्या स्वयंपाकघरात सोडलेलं असतं. हे पाणी सिलिंडरमध्ये नव्हतं. त्यातला हायड्रोजन सिलिंडरचा आणि ऑक्सिजन खिडकीतून आलेला. खिडकी उघडी असते म्हणून हा सव्वादोनशे किलोंचा पुरवठादार आपल्याला कधी जाणवत नाही.

खिडकी बंद असेल तर? आता मी न्हाणीघरात येतो. थंडीचे दिवस, दार-खिडकी बंद, आत भिंतीवर गॅसचा गीझर. समजा तो मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवतो. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते, म्हणजे मिनिटाला १५० किलोकॅलरी. एक किलो गॅसमधून साधारण ११ हजार किलोकॅलरी मिळतात. थोडी उष्णता वाया जाते हे धरलं तर मिनिटाला पंधरा-सोळा ग्रॅम गॅस जळतो. त्याला हवा लागते अडीचशे ग्रॅम. एक लिटर हवेचं वजन सव्वा ग्रॅमच्या जवळपास, म्हणून मिनिटाला दोनशे लिटर हवेतला सगळा ऑक्सिजन खर्ची पडतो. न्हाणीघर ५ फूट बाय ६ फूट आणि ८ फूट उंच धरा. त्यात मावते सुमारे ६,८०० लिटर हवा. पंधरा मिनिटांच्या अंघोळीत गीझर ३,००० लिटरहून अधिक हवेचा ऑक्सिजन घेऊ पाहतो. जवळजवळ निम्मा! दाराखालच्या फटीतून थोडी हवा येते, पण तिच्या भरवशावर हा हिशेब भागत नाही. आणि आत एक माणूसही श्वास घेत असतो.

ऑक्सिजन कमी पडू लागला की काय होतं? वीस पाव आणि चौदा वडे असतील तर वडापाव चौदाच होतात. जे आधी संपतं ते ठरवतं. पण वडा संपला की पाव नुसता पडून राहतो. ज्योतीचं तसं नाही. ऑक्सिजन पूर्ण संपायची ती वाट पाहत नाही. तो कमी पडू लागला की ज्योत कमी ऑक्सिजनमध्ये भागवायला सुरुवात करते. एका कार्बनला ऑक्सिजनचे दोन अणू मिळायचे, तिथे काहींना एकच मिळतो. अशा वेळी दुसरं समीकरण लिहावं लागतं. प्रोपेनचे २ रेणू, ऑक्सिजनचे ७, त्यांतून कार्बन मोनॉक्साइडचे ६ आणि पाण्याचे ८. मोजून पाहा. कार्बन सहा आणि सहा, हायड्रोजन सोळा आणि सोळा, ऑक्सिजन चौदा आणि चौदा.

श्रोतेहो, आजच्या बोलण्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही आहे. हे दुसरं समीकरणसुद्धा अगदी बिनचूक जुळलेलं आहे. परीक्षेत त्यालाही पूर्ण गुण मिळतील. समीकरण जुळलं म्हणजे हिशेब बरोबर, एवढंच सिद्ध होतं. दोन बरोबर हिशेबांपैकी तुमच्या घरात कोणता घडणार, हे समीकरण सांगत नाही. ते ठरतं ऑक्सिजन किती मिळतो त्यावर, म्हणजे खिडकीवर. प्रत्यक्षात ही दोन्ही समीकरणं एकाच वेळी थोडी थोडी चालतात आणि हवा जसजशी कमी होते तसतसं दुसऱ्याचं पारडं जड होत जातं.

कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. सिलिंडरच्या गॅसला जो वास येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा, आणि तोही जळून जातो. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, पाय लटपटतात आणि कडी काढायची शुद्ध राहत नाही. थंडीत वर्तमानपत्रांत अशा बातम्या आपण वाचतो. त्यातली माणसं निष्काळजी असतात असं नाही. गॅस गळला तर वास येईल, एवढंच त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. इथे गॅस गळलेलाच नसतो.

म्हणून गॅस गीझरची जागा न्हाणीघराच्या बाहेर, जिथे वारा खेळतो तिथे. आत यावं ते फक्त गरम पाणी, नळाने. ज्योत निळी असावी. पिवळी, लांबट ज्योत आणि काजळी दिसली तर गीझर बंद करून दुरुस्तीला माणूस बोलवा. कापराच्या ज्योतीवरची काजळी आठवा. आत कुणी हाकेला ओ देत नसेल, तर दार उघडा, फोडावं लागलं तरी फोडा. गॅस बंद करा, त्या व्यक्तीला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. हेच बाळंतिणीच्या खोलीतल्या शेगडीलाही लागू आहे. खोली उबदार राहावी म्हणून दारं-खिडक्या लावून घेतात आणि कोळसा धुमसत ठेवतात. कार्बनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक रेणू, यांतून कार्बन मोनॉक्साइडचे दोन रेणू. समीकरण इतकं छोटं, पण त्या खोलीत तान्हं बाळ असतं.

आता दुसरं उदाहरण, औषधाच्या डब्यातलं. जुलाब झाल्यावर देतात ते ओआरएसचं पाकीट. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटर पाण्यासाठी त्यात ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम आणि पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम असतं. हे आकडे असे विचित्र का? साखर एवढी जास्त आणि मीठ एवढं कमी का? वजनाकडे पाहिलं तर काहीच उलगडत नाही. मोलमध्ये मांडा. ग्लुकोजचा मोल १८० ग्रॅमचा. साडेतेराला १८० ने भागलं की ०.०७५ मोल, म्हणजे ७५ मिलिमोल. मिठाचा मोल साडेअठ्ठावन्न ग्रॅमचा, म्हणून त्यातून सोडियम मिळतं ४४ मिलिमोल. सायट्रेटचा मोल २९४ ग्रॅमचा आणि त्याच्या प्रत्येक रेणूत सोडियम तीन, म्हणून आणखी ३० च्या आसपास. बेरीज झाली ७५ च्या घरात. ग्लुकोज ७५ आणि सोडियम ७५, दोघं समसमान! आतड्याच्या भिंतीतून ग्लुकोज आणि सोडियम एकमेकांच्या सोबतीने आत शिरतात आणि आपल्यामागे पाणी ओढून नेतात. सोडियमला सोबत कमी पडू नये, म्हणून हा तोल सांभाळला आहे.

या साध्या द्रावणाची ताकद १९७१ साली दिसली. बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला होता आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा मोजून पाकिटं भरायला लावली आणि ते पाणी रुग्णांना तोंडाने पाजलं. मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. २०२२ साली ते निवर्तले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

पण पाकिटात कितीही नेमकं मोजून भरलं, तरी हिशेबातला शेवटचा आकडा घरातल्या माणसाच्या हातात असतो. तो म्हणजे पाणी. लिटरभर पाण्यात या द्रावणातल्या सगळ्या कणांची मिळून तीव्रता २४५ असते. आपल्या रक्ताची २८० ते २९५ च्या दरम्यान. पाणी पातळ बाजूकडून दाट बाजूकडे जातं, म्हणून ते आतड्यातून रक्तात येतं. आता 'औषध जरा कडक होऊ दे' म्हणून कुणी तेच पाकीट अर्ध्या लिटरमध्ये ढवळलं, तर तीव्रता होते ४९०. आता दाट बाजू आतड्याची झाली! पाणी शरीरातून उलट आतड्याकडे ओढलं जातं आणि जुलाब आणखी बळावू शकतात. पाकीट तेच, पदार्थ तेच, फक्त भागाकारातला खालचा आकडा अर्धा झाला. उलट दोन लिटर पाणी घातलं तर क्षार अपुरे पडतात. बाजारात पेलाभर पाण्याची लहान पाकिटंही मिळतात. म्हणून 'एका पाकिटाला एक तांब्या' अशी सवय न लावता पाकिटावर किती पाणी लिहिलं आहे ते वाचा आणि तेवढं मोजून घ्या. उरलेलं द्रावण चोवीस तासांनी टाकून द्या.

मुलांना समीकरणं आणि द्रावणाची गणितं कठीण जातात ती आकडेमोडीमुळे नव्हे. त्यातली बेरीज-गुणाकार चौथी-पाचवीच्या मुलालाही जमतील. कठीण जातं ते आकड्यामागे काय आहे हे कुणी दाखवलेलं नसतं म्हणून. घरात दहावीचा मुलगा किंवा मुलगी असेल, तर यंदा एक करा. पाठ करायला लावण्याऐवजी त्यांना तुमच्या न्हाणीघराची लांबी-रुंदी-उंची मोजायला सांगा, गीझर मिनिटाला किती लिटर पाणी देतो ते पाहायला सांगा आणि मी सांगितलेला हिशेब तुमच्या घराच्या आकड्यांनी मांडायला लावा. उत्तर आल्यावर गीझर कुठे लावायचा आणि झरोका किती मोठा ठेवायचा, यावर घरात बोलणं होईलच. 'याचा पुढे उपयोग काय?' हा प्रश्न मग ते मूल विचारणार नाही.